सही केली असती, तर बाबा वाचले असते का?

पत्राचा सारांश: विदर्भातील एका शहरात राहणाऱ्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचे मधुमेही वडील एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दाखल होते. आई घरी विलगीकरणात होती आणि थोरला भाऊ परदेशात अडकून पडला होता. एका संध्याकाळी ड्युटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले की, श्वासावाटे द्यायच्या नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूची चाचणी सुरू आहे, निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर हा वायू मिळेल, निम्म्यांना मिळणार नाही, आणि कोण कोणत्या गटात जाईल ते संगणक ठरवील. संमतिपत्रात ‘मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई’ आणि ‘नॉमिनीचे नाव’ हे शब्द वाचून त्यांच्या पोटात गोळा आला. ‘माझे बाबा प्रयोगाचे उंदीर नाहीत’ असे म्हणून त्यांनी सही नाकारली. पुढच्याच आठवड्यात वडील व्हेंटिलेटरवर गेले आणि त्यातून परत आले नाहीत. तेव्हापासून भाऊ या वायूविषयीची कात्रणे पाठवतो, आणि यंदाच्या वर्षश्राद्धाला त्याने सर्वांसमोर म्हटले, “तू सही केली असतीस तर बाबा आज असते.” आईला आता सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, दर हिवाळ्यात छाती भरते, आणि भाऊ तिच्यासाठी श्वासावाटे वायू देणारे एक यंत्र ऑनलाइन मागवायला निघाला आहे. पत्रलेखिका विचारतात: माझी चूक होती का? भावाला काय सांगू? आणि उद्या आईच्या वेळी असाच कागद पुढे आला, तर काय करू?

ताई,

सांत्वनाचे शब्द तुम्हाला आजवर पुष्कळांनी ऐकवले असतील आणि ते पुरे पडले नाहीत, हे तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीतून कळते. दादांचा आरोप एका वैद्यकीय विधानावर उभा आहे, म्हणून त्याचे उत्तरही आधी वैद्यकीय माहितीतच शोधले पाहिजे. ते विधान तपासून पाहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि माझ्या मते ते तपासल्यावर टिकत नाही.

दादांनी गृहीत धरले आहे की त्या कागदापलीकडे बाबांना वाचवणारे औषध तयार होते आणि तुमच्या सहीअभावी ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. इतक्या वर्षांत तुम्हीही नकळत हेच मान्य करून बसला आहात. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तुमच्याकडे औषध देण्याची परवानगी मागितलेली नव्हती. हा वायू या आजारात उपयोगी पडतो की नाही हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते, आणि ते शोधून काढण्याच्या कामात तुमच्या वडिलांना सामील करून घ्यावे का, अशी ती विचारणा होती. रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली जाते ती याच कारणाने. वायूने जीव वाचतो हे डॉक्टरांना खात्रीने माहीत असते, तर निम्म्या रुग्णांना त्यापासून दूर ठेवणे हा गुन्हाच ठरला असता आणि चाचणीत रुग्णांच्या हिताची राखण करणाऱ्या कोणत्याही नैतिकता समितीने तिला परवानगी दिली नसती. शिवाय तुम्ही सही केली असती, तरी बाबांना वायू न मिळणाऱ्या गटात जाण्याची शक्यता निम्मी होतीच. दादांच्या हिशेबात ही निम्मी शक्यता कुठेच दिसत नाही.

आता त्या वायूविषयी. काही नातेवाईक त्याला ‘हसवणारा वायू’ म्हणत होते असे तुम्ही लिहिले आहे. तो नायट्रस ऑक्साइड, भुलीसाठी वापरला जाणारा, आणि त्याचा इथे संबंध नाही. नायट्रिक ऑक्साइड आपल्या शरीरातही अगदी थोड्या प्रमाणात सतत तयार होत असतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतो. शरीरात तो निरोप्याचे काम करतो, या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. श्वासावाटे दिल्यावर तो फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचते तिथेच जातो, त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतो, आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिनशी बांधला जाऊन निष्प्रभ होतो, त्यामुळे बाकीच्या शरीराचा रक्तदाब तो फारसा पाडत नाही. पाटाचे पाणी पडीक वाफ्यात मुरू न देता पीक उभे असलेल्या वाफ्याकडे वळवावे, तसे हा वायू रक्ताला हवा खेळत असलेल्या भागाकडे वळवतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील वॉरन झापोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना रुग्णांपर्यंत आणण्यात मोठा वाटा उचलला. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांच्या ज्या नवजात बाळांच्या फुफ्फुसांतील रक्तदाब उतरत नाही आणि ऑक्सिजन घटत जातो, त्यांच्यासाठी हा उपचार मंजूर केला. तिथे तो खरोखर उपयोगी आहे, आणि आपल्याकडील मोठ्या नवजात अतिदक्षता विभागांतही तो वापरला जातो.

नवजात बाळांत जे साधले ते विषाणूने फुफ्फुस पोखरलेल्या प्रौढ माणसात साधेल का, हा निराळा प्रश्न आहे. कोरोनाच्या कितीतरी आधी, तीव्र श्वसनदोष असलेल्या प्रौढांवर या वायूच्या अनेक चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांचा एकत्रित निष्कर्ष निराश करणारा होता: पहिल्या एक-दोन दिवसांत ऑक्सिजनचे आकडे सुधारतात, पण जगणाऱ्यांची संख्या वाढत नाही, आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका मात्र थोडा वाढलेला दिसतो. हे वाचून मनात प्रश्न येतो की ऑक्सिजन सुधारला तर माणूस का वाचू नये. याचे कारण असे की, अशा आजारात मृत्यू केवळ ऑक्सिजन कमी पडल्याने येत नाही. शरीरभर पेटलेला दाह, रक्ताच्या गुठळ्या, रुग्णालयात जडलेला दुसरा संसर्ग, थकलेली मूत्रपिंडे यांपैकी काहीही माणसाला नेते, आणि यातले काहीच हा वायू थांबवत नाही. मॉनिटरवर ८४ चे ९२ झालेले पाहून आपल्याला जो धीर येतो तो खरा असतो, पण त्या आकड्यावरून पुढच्या महिन्याचे भाकीत करता येत नाही.

मग २०२० मध्ये पुन्हा चाचण्या कशासाठी, असे दादा विचारतील. कारणे होती, आणि ती प्रामाणिक होती. २००३ च्या सार्सच्या साथीत बीजिंगमध्ये मोजक्या रुग्णांना हा वायू दिल्यावर त्यांचा ऑक्सिजन सुधारलेला दिसला होता, आणि नायट्रिक ऑक्साइड सोडणारी रसायने सार्सच्या विषाणूची वाढ रोखतात हे नंतर प्रयोगशाळेतही आढळले होते. त्यामुळे या वेळी आशा दुहेरी होती: वायू रक्तवाहिन्या उघडेल आणि मात्रा वाढवली तर कदाचित विषाणूलाही आवर घालील. म्हणूनच नवजात बाळांना दशलक्षात २० भाग एवढी असणारी मात्रा कोरोनाच्या काही चाचण्यांत ८० भागांपर्यंत, तर बॉस्टनमध्ये काही गर्भवती रुग्णांसाठी १६० ते २०० भागांपर्यंत नेली गेली.

निष्कर्षांपैकी तीन तुमच्या कामाचे आहेत. दादांनी पाठवलेले पहिले कात्रण कोचीच्या अमृता रुग्णालयातील अभ्यासाचे आहे. त्यात २५ रुग्ण होते, १४ जणांना वायू मिळाला आणि ११ जणांना नेहमीचे उपचार. वायूच्या गटात कोणी दगावले नाही, दुसऱ्या गटात ४ जण गेले. आकडे खरे आहेत, अभ्यास करणाऱ्यांचा हेतूही चांगला होता, पण २५ माणसांच्या अभ्यासात दोन-तीन जणांची प्रकृती मुळातच इतरांहून बरी असली तरी सगळे चित्र पालटते. असा अभ्यास पुढे मोठी चाचणी करावी एवढे सांगू शकतो. तुमचे बाबा वाचले असते असे सांगण्याचे बळ त्याच्यात नाही. दुसरी गोष्ट दादांच्या कात्रणांत आलेली नाही: अमेरिकेतील एका कंपनीने ऑक्सिजनवर असलेल्या कोरोना रुग्णांसाठी कमी मात्रेच्या वायूची तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे मंजुरीआधीची मोठी, चाचणी सुरू केली होती, आणि पहिल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष पाहिल्यावर फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये ती थांबवण्यात आली. तिसरी चाचणी मॅसॅच्युसेट्स जनरलच्या पुढाकाराने अनेक अतिदक्षता विभागांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेंटिलेटरवरील १९३ रुग्णांचा तिच्यात विचार झाला, वायूच्या गटाला ४८ तास दशलक्षात ८० भागांची मात्रा दिली गेली, त्यांचा ऑक्सिजन ४८ तासांनी दुसऱ्या गटापेक्षा चांगला होता, आणि दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

याचा अर्थ हा वायू निरुपयोगी आहे असा मी काढत नाही. तान्ह्या बाळांना आरएसव्ही या श्वसनविषाणूसारख्या विषाणूंमुळे होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या सुजेत, इस्रायलमधील छोट्या चाचण्यांत, दशलक्षात १५० ते १६० भागांची मात्रा थोड्या थोड्या वेळासाठी दिल्यावर बाळे लवकर घरी जाण्याजोगी झाली असे दिसले, आणि ते काम पुढे व्हायला हवे. माझे म्हणणे तुमच्या बाबांपुरते आहे. त्यांच्यासारख्या रुग्णांबाबत आज हाती असलेला पुरावा सांगतो की तुमच्या सहीने त्यांचे मरण टळले असते असे मानायला आधार नाही. एका माणसाबद्दल शंभर टक्के ठाम उत्तर कोणीही देऊ शकत नाही, हे मी मान्य करते. पण दादा ज्या खात्रीने बोलतात ती खात्री त्या चाचण्या करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

त्या दिवसांतला प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव, तुम्हाला आठवत असेल. नागपूरपासून मुंबईपर्यंत घरोघरचे लोक रात्री-अपरात्री प्लाझ्मा देणारा शोधत फिरत होते, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी पुढे स्वतःला दोष दिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत तोवर दिसलेही होते की प्लाझ्माने आजार गंभीर होणे थांबत नाही आणि मृत्यूही कमी होत नाहीत. मे २०२१ मध्ये तो देशाच्या उपचारसूचीतून काढला गेला. याउलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध ब्रिटनमधील हजारो रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, हे जून २०२० मध्ये कळले. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांत हे औषध सामान्यतः असायचे, त्यामुळे बाबांनाही ते मिळाले असण्याचा संभव मोठा आहे. त्यांच्या केसपेपरासारख्या ज्या कागदपत्रांची प्रत तुमच्याजवळ असेल, त्यांत ते नाव पाहा. नसलेल्या उपचाराची खंत करण्यात वर्षे गेली, पण बाबांना काय काय मिळाले होते ते तुम्ही बहुधा एकदाही शांतपणे वाचलेले नाही.

इथवर मी दादांचे गृहीत तपासले. आता तुमचेही एक गृहीत तपासायला हवे, कारण उद्या आईच्या वेळी ते आडवे येईल. ‘प्रयोगाचे उंदीर’ हा शब्द भीतीतून आला हे मी समजू शकते, आणि आपल्या देशात गरीब रुग्णांना न सांगता चाचण्यांत ओढल्याच्या तक्रारी झालेल्या असल्याने ती भीती निराधारही नव्हती. पण त्या तक्रारींनंतरच नियम कडक झाले. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ आणि एक स्त्री सदस्य असावी लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. वायू न मिळणाऱ्या गटालाही त्या वेळचे प्रमाणित उपचार पूर्ण मिळायला हवेत. चाचणीतून कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे बाकीच्या उपचारांवर परिणाम होऊ देता येत नाही. ज्या ‘नॉमिनी’ आणि ‘नुकसानभरपाई’ या शब्दांनी तुमचा थरकाप उडाला, ते शब्द रुग्णाच्या बाजूने कागदात आणलेले आहेत: चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळावी, मृत्यू ओढवला तर भरपाई कोणाला द्यायची हे आधीच नोंदलेले असावे, एवढ्यासाठी. पीपीई घातलेल्या, थकलेल्या डॉक्टरांनी दारातच ते समजावून सांगितले असते, तर तुम्ही कदाचित वेगळा निर्णय घेतला असता, कदाचित तोच घेतला असता. पण इतकी भीती तुमच्या वाट्याला आली नसती. नीट माहिती देणे ही त्यांची जबाबदारी होती, आणि न समजलेल्या कागदावर सही न करणे हा तुमचा हक्क होता. तो हक्क बजावणे ही चूक ठरत नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘बाबा हाय फ्लो ऑक्सिजनवर होते, पण शुद्धीवर होते, रोज व्हिडिओ कॉलवर आईची चौकशी करायचे.’ मग ताई, त्या चाचणीविषयी बाबांना कोणी विचारले होते का? शुद्धीवर असलेल्या, समजू शकणाऱ्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यायची असते. नातेवाइकाची सही तो स्वतः ठरवू शकत नसेल तेव्हाच चालते. त्या गदारोळात डॉक्टरांना ते सुचले नाही, तुम्हाला सुचणे तर फारच अवघड होते. हे मी तुमच्या डोक्यावर आणखी एक भार ठेवण्यासाठी लिहीत नाही. इतकी वर्षे तुम्ही आणि दादा दोघेही ‘ताईने सही करायला हवी होती की नको’ यावर भांडत आहात, आणि हा निर्णय मुळात एकट्या ताईचा नव्हताच, हे तुम्हा दोघांच्याही ध्यानात यावे म्हणून लिहिते आहे. आपल्या घरांत वडीलधारे आजारी पडले की त्यांना ‘त्रास नको’ म्हणून सगळे निर्णय आपण त्यांच्या पाठीमागे घेतो. त्यात माया असते, पण ज्याच्या श्वासाचा प्रश्न आहे तोच माणूस संभाषणाबाहेर राहतो.

म्हणून आईविषयीचे माझे पहिले सांगणे असे की, आईला आत्ताच, ती बरी असताना, विचारा. व्हेंटिलेटरची वेळ आली तर तिला काय वाटते, एखाद्या चाचणीत भाग घ्यायला तिची हरकत असेल का, तिला स्वतःला बोलता आले नाही तर तिच्या वतीने कोणी बोलावे, हे तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगा. चाचणीच्या वेळी त्या कागदाला कायदेशीर संमतीचे स्थान नसले, तरी तो हाताशी असेल तर तुम्हाला अंधारात निर्णय घ्यावा लागणार नाही. ही चर्चा अशुभ आहे असे घरात कोणी म्हणेल. तुमच्यासारख्या ज्या वाचकांच्या घरी दम्याचे, सीओपीडीचे किंवा हृदयविकाराचे वृद्ध रुग्ण आहेत त्यांनाही मी हेच सांगेन की, आईवडिलांना हा विषय आपल्याला वाटतो तितका नकोसा नसतो, त्यांनी मनात पुष्कळ ठरवलेले असते.

पुढे कधी खरोखर चाचणीचे संमतिपत्र समोर आले, तर सहीपूर्वी काही गोष्टी विचारून घ्या. हा उपचार कोणत्या टप्प्यातील चाचणीत आहे, आणि आईसारख्या आजारात त्याचा आजवर काय अनुभव आहे? चाचणीत नाव दिले नाही तर तिला नेमके कोणते उपचार मिळतील, आणि नाव देऊन वायू न मिळणाऱ्या गटात गेली तर तेच मिळतील ना? यश कशाने मोजणार आहात: ऑक्सिजनच्या आकड्याने, नाकातील विषाणूंच्या प्रमाणाने, की घरी सुखरूप परतणाऱ्या माणसांच्या संख्येने? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बातम्यांमधला बहुतेक गोंधळ तिथेच होतो. दादांनी पाठवलेले दुसरे कात्रण घ्या. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये नायट्रिक ऑक्साइडचा नाकात मारायचा फवारा भारतात आणला. त्यामागे ३०६ रुग्णांची चाचणी होती आणि तिने नाकातील विषाणूंचे प्रमाण झपाट्याने घटल्याचे दाखवले. पण तो फवारा आजाराच्या सुरुवातीच्या, घरी असलेल्या रुग्णांसाठी होता. अतिदक्षता विभागातील रुग्णाचा जीव वाचण्याशी त्या निष्कर्षाचा संबंध जोडता येत नाही, आणि बाबा गेले तेव्हा तो भारतात मिळतही नव्हता.

चाचणी खरी आहे का हे तपासण्याचीही सोय आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीच्या संकेतस्थळावर देशातील नोंदणीकृत चाचण्यांची माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. संमतिपत्रावरचा नोंदणी क्रमांक तिथे टाका आणि तो सापडला नाही तर डॉक्टरांना कारण विचारा. माहितीपत्रक आईला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, मागा. सही केली तर त्याची प्रत तुमच्याकडे ठेवा, कारण ती देणे बंधनकारक आहे. नैतिकता समितीचा संपर्क त्याच कागदावर असतो, आणि रुग्णाचा नातेवाईक तिथे थेट फोन करू शकतो, हे बहुतेकांना माहीत नसते. चाचणीत भाग घेण्यासाठी पैसे मागितले जात असतील, तर तिथेच थांबा.

वायूच्या चाचणीसाठी आणखी एक विशेष प्रश्न लक्षात ठेवा. नायट्रिक ऑक्साइडचा ऑक्सिजनशी संयोग झाला की नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो फुफ्फुसाला जाळतो. रक्तात मेथहिमोग्लोबिन वाढले तर रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम नीट करू शकत नाही. आणि वायू एकदम बंद केला तर फुफ्फुसांतील दाब उसळी मारू शकतो. या तिन्हींवर सतत नजर कशी ठेवणार, आणि कोणत्या मर्यादेला वायू थांबवणार, हे विचारल्यावर चांगले डॉक्टर आनंदाने समजावून सांगतात.

यातूनच दादांच्या यंत्राचेही उत्तर मिळते. ज्या वायूला अतिदक्षता विभागात क्षणाक्षणाचे मोजमाप लागते तो घरी देण्याचा विचारही करू नये. ऑनलाइन विकली जाणारी यंत्रे हायड्रोजनची असोत की ओझोनची, आईच्या आजारात ती उपयोगी पडतात असा भरवशाचा पुरावा नाही. ओझोन तर श्वासनलिकेला सरळ सरळ अपायकारक आहे. सीओपीडीच्या रुग्णाने साधा ऑक्सिजनही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते, हे दादांना जरूर सांगा. आईच्या हिवाळ्यासाठी करण्याजोग्या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत: दरवर्षी फ्लूची लस, डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकसची लस, इनहेलर ओढण्याची पद्धत दर भेटीत तपासून घेणे, चुलीचा, अगरबत्तीचा आणि शेजारच्या विडीचा धूर तिच्यापासून दूर ठेवणे, आणि घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तिचा नेहमीचा आकडा काय असतो ते आत्ताच लिहून ठेवा आणि किती खाली आला की रुग्णालयात न्यायचे हे डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर नोंदवा. दादांना आईसाठी खर्च करायचाच असेल, तर या गोष्टींवर करू द्या.

राहिले दादा. मला ते दुष्ट वाटत नाहीत. त्यांना विमान मिळाले नाही, बाबांच्या अंत्यविधीला ते येऊ शकले नाहीत, आणि दूर बसून ज्या माणसाला काहीच करता आले नाही त्याला ‘काहीतरी करता आले असते’ यावर विश्वास ठेवणे सोपे जाते. कात्रणे पाठवणे हा त्यांच्या दुःखाचा उद्योग झाला आहे. पण ते दुःख तुमच्यावर टाकण्याचा, आणि तेही चारचौघांत, त्यांना अधिकार नाही, हे तुम्ही स्पष्टपणे सांगायला हवे. नातेवाइकांसमोर वाद घालू नका. दोघांच्या सोयीची वेळ ठरवून फोन करा आणि सांगा की, तू पाठवलेले सगळे मी वाचले, त्याच्या पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांत जीव वाचलेले दिसले नाहीत, तुला हवे तर आपण दोघे मिळून एखाद्या फुफ्फुसरोगतज्ज्ञांना बाबांचे कागद दाखवू. आणि त्यानंतर सहीचा आरोप पुन्हा आईसमोर निघणार नाही. तज्ज्ञांकडे जायला ते तयार झाले तर उत्तमच. बाबांच्या मधुमेहाचा, वयाचा, फुफ्फुस किती व्यापले होते याचा हिशेब तिऱ्हाईत माणसाने मांडलेला ऐकणे हे बहिणीने मांडलेल्या हिशेबापेक्षा सोपे जाईल. तयार झाले नाहीत, तर त्यांच्या कात्रणांना उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही.

रात्री झोप लागत नाही, ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते, असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. इतक्या काळानंतरही तसे होत असेल तर त्यावर उपचार घ्यावेत, ते सोसत राहू नये. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, तिथे मराठीतून बोलता येते आणि गरज असेल तर जवळच्या समुपदेशकाचे नावही मिळू शकते. दादांना फोन करण्याआधी हा फोन करा. आणि दादांशी बोलताना आई घरात असेल, तर दार लावून घेऊ नका. तिच्याही नवऱ्याविषयीचे ते बोलणे आहे, आणि त्या दिवसांत काय घडले हे तिला अजून कोणी नीट सांगितलेले नाही, असे तुमच्याच पत्रावरून मला वाटते.